थंड इंजिनावर आयडलिंग डळमळते: ऑक्टाविया आरएस १.८ टर्बो (२००५), निदानासाठी मदत हवी

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाविया आरएस आहे. तिचे आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालू राहणे, थंडीत डळमळते. इंजिन १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले, १५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल. गाडी १ लाख ३२ हजार किलोमीटर चालली आहे, गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे आणि पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी करून मी ती जाणीवपूर्वक ठेवली आहे. ती विकून टाका, असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, त्यामुळे तो सोडून बाकी काहीही सुचवावे, ही विनंती.

त्रास असा आहे. जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा ८-९ अंशांपर्यंत उतरतो आणि निफाडच्या बाजूला तर त्याहूनही खाली जातो. अशा सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, आरपीएम ११५० च्या आसपास जातो आणि पंधरा-वीस सेकंद सर्व काही ठीक असते. त्यानंतर आरपीएम एकदम ५०० पर्यंत खाली येतो, पुन्हा १२०० पर्यंत उसळतो, पुन्हा पडतो, आणि हे वरखाली होणे तीन ते चार मिनिटे चालू राहते. दोनदा गाडी याच अवस्थेत बंद पडली. इंजिन थोडे तापले की काटा ८०० वर येऊन स्थिर होतो आणि मग दिवसभर गाडीची काहीही तक्रार नसते. घाटात चढताना टर्बोचा जोर पूर्वीसारखाच आहे, शिट्टी नाही, धूर नाही. उन्हाळ्यात हाच त्रास इतका सौम्य होता की मी त्याकडे लक्ष दिले नाही.

इंजिनाचा दिवा एकदाच लागला. स्कॅनरवर १७५४४, म्हणजेच पी-११३६, हा कोड आला होता. तो पुसल्यानंतर दिवा पुन्हा लागलेला नाही.

आतापर्यंत एका गॅरेजमध्ये पुढील कामे झाली: चारही प्लग, चारही इग्निशन कॉइल आणि हवा मोजणारा एमएएफ सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) काढून साफ केली, बॅटरी नवी टाकली. एकूण खर्च सुमारे ३८ हजार रुपये झाला आणि त्रासात तसूभरही फरक पडला नाही. उलट एमएएफ बदलल्यापासून वरखाली होणे थोडे वाढले आहे असे मला वाटते, परंतु थंडीही त्याच आठवड्यात वाढली होती, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. शेवटी त्यांनी धुराची चाचणीही (हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधणे) केली आणि कोठेही गळती नाही असे सांगितले. आता त्यांचे म्हणणे असे आहे की ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, बदलावा लागेल. ते करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. माझ्याकडे लॅपटॉप आणि ईसीयूतील आकडे वाचणारी व्हीसीडीएसची केबल आहे, वाचन घेता येते, पण त्या आकड्यांचा अर्थ लावणे मला नीट जमत नाही.

पौडफाटा (पुणे)

नमस्कार. ईसीयूला कृपया हात लावू देऊ नका. या गाड्यांतील बॉश मोट्रॉनिक एमई७ प्रणाली अतिशय भरवशाची आहे, आणि जो ईसीयू गरम इंजिनावर दिवसभर अचूक चालतो, तो फक्त सकाळची चार मिनिटे बिघडेल ही शक्यता फार कमी आहे. मी इंजिन कॅलिब्रेशनचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थंड इंजिनाच्या दोषाची खरी अडचण ही आहे की तो दिवसातून एकदाच दिसतो. एकदा इंजिन तापले की पुढच्या सकाळपर्यंत प्रयोग संपला. गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तेव्हा ती दहा किलोमीटर चालून तापलेली असते, आणि तापलेल्या इंजिनात लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा) कामाला लागलेला असल्यामुळे मिश्रणातील बहुतेक चुका ईसीयू स्वतःच भरून काढतो. मेकॅनिकला दोष दिसत नाही, म्हणून तो अंदाजाने सुटे भाग बदलत जातो. तुमच्या ३८ हजारांचे बहुधा हेच झाले आहे. त्यामुळे यापुढे प्रत्येक सकाळी एकच प्रश्न घेऊन गाडीकडे जा आणि त्याचे उत्तर लॅपटॉपवर नोंदवून मगच दुसऱ्या प्रश्नाकडे वळा.

तुमच्या वर्णनातला सर्वात बोलका भाग म्हणजे ती पहिली पंधरा-वीस सेकंदे. गाडी सुरू होताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, कारण सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या थंड मॅनिफोल्डच्या भिंतींवर बरेच पेट्रोल चिकटून राहते आणि सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. ही जादा मात्रा नंतर झपाट्याने कमी केली जाते. ती कमी होताच तुमचे इंजिन डळमळते, याचा अर्थ मिश्रण मुळातच पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे आणि जादा पेट्रोलाने ते पहिल्या काही सेकंदांत झाकले जाते. मिश्रण पातळ झाले की टॉर्क पडतो, आरपीएम घसरतो. ईसीयू थ्रॉटल उघडतो आणि इग्निशन पुढे घेतो. आरपीएम गरजेपेक्षा वर जातो. ईसीयू पुन्हा थ्रॉटल मिटतो. तुम्हाला दिसणारे वरखाली होणे म्हणजे हाच पाठलाग आहे.

इंजेक्टर रात्रभर ठिबकत असते तर चित्र याच्या उलट असते: सेल्फ लांबला असता, चालू होताच काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला असता आणि दहा-पंधरा सेकंदांत इंजिन सुधारले असते. कॉइल किंवा प्लगचा दोष असता तर आरपीएम असा लयीत वरखाली न होता इंजिन एका सिलिंडरवर झटके देत थरथरले असते. तुमच्या गाडीत यांपैकी काहीच नाही. पी-११३६ या कोडचा अर्थही तोच आहे: आयडलिंगच्या पातळीवर मिश्रण पातळ पडते आणि ते सुधारण्यासाठी ईसीयूला त्याच्या मर्यादेपर्यंत जावे लागते.

आता उद्या सकाळी काय करायचे ते सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चावी फक्त इग्निशनपर्यंत फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि व्हीसीडीएसवरील गट ००४ (आकड्यांचा एक संच) मध्ये कूलंटचे तापमान व आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे एकमेकांपासून दोन-तीन अंशांच्या आत आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवेत. बाहेर ९ अंश असताना कूलंट ३५ दाखवत असेल, तर ईसीयूला इंजिन कोमट वाटते, तो पेट्रोल कमी देतो आणि आपला शोध तेथेच संपतो. डॅशबोर्डवरील तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. या इंजिनातील कूलंट सेन्सर चार पिनांचा असतो आणि त्याच एका कवचात काट्यासाठी वेगळा व ईसीयूसाठी वेगळा सेन्सर बसवलेला असतो, त्यामुळे काटा अगदी बरोबर असताना ईसीयूला मिळणारा आकडा चुकीचा असू शकतो. मल्टिमीटर असेल तर ईसीयूच्या दोन पिनांमध्ये २० अंशांना साधारण २००० ते ३००० ओहम आणि ८० अंशांना साधारण २७५ ते ३७५ ओहम रोध मिळायला हवा.

त्यानंतर गाडी तापवून गट ०३२ वाचा. त्यात ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत स्वतः करत असलेल्या दुरुस्तीच्या दोन टक्केवाऱ्या दिसतात. पहिली आयडलिंगची बेरजेची दुरुस्ती आणि दुसरी भाराखालची गुणाकाराची दुरुस्ती. व्हॅक्युम गळतीतून येणारी न मोजलेली हवा आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, पण ३००० आरपीएमला तो हिस्सा नगण्य होतो, म्हणून गळती असेल तर पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान दिसतो. एमएएफ सेन्सर कमी हवा दाखवत असेल किंवा पेट्रोलचा दाब कमी असेल, तर दुसरा आकडाही वर जातो. गट ००३ मधील हवेचा आकडाही लिहून ठेवा. तापलेल्या इंजिनावर आयडलिंगला तो सेकंदाला २ ते ४ ग्रॅमच्या दरम्यान असावा.

आणखी एक विनंती. जुना एमएएफ तुमच्याकडे असेल तर तो फेकू नका. नवा सेन्सर मूळ उत्पादकाचा आहे की बाजारात मिळणारा स्वस्त, हे पाहा. हलक्या प्रतीचे सेन्सर कमी हवा दाखवतात हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि 'नवा आहे म्हणजे चांगलाच' या समजुतीमुळे शोध कित्येक आठवडे भरकटतो.

गोदाकाठ (नाशिक)

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तीन सकाळी वाचन घेतले.

पहिल्या सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी, कूलंट १० अंश आणि हवा ९ अंश. म्हणजे कूलंट सेन्सर निर्दोष आहे असे मी समजतो. नव्या एमएएफवर, गाडी तापल्यानंतर, गट ०३२ मध्ये पहिला आकडा ९.६ टक्के आणि दुसरा १४.१ टक्के आला, दोन्ही अधिक चिन्हाचे. आयडलिंगला हवा सेकंदाला २.१ ग्रॅम. सेन्सरच्या खोक्यावर मूळ उत्पादकाचे नाव नाही. सुदैवाने जुना सेन्सर डिकीत होता. तो परत लावला, कोड पुसून दुरुस्तीचे आकडे शून्यावर आणले आणि त्र्यंबकेश्वर व परत असा सुमारे साठ किलोमीटरचा फेरा मारला. आता हवा २.८ ग्रॅम, पहिला आकडा ८.२ टक्के आणि दुसरा ७.० टक्के. सकाळचे वरखाली होणे थोडे सौम्य झाले आहे, पण गेलेले नाही. म्हणजे नवा सेन्सर एक वेगळाच दोष वर चढवत होता, आणि मूळ दोष अजून तसाच आहे, असे दिसते. मात्र तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे दुसरा आकडा लहान यायला हवा होता, तो ७ का आहे ते कळत नाही. पेट्रोल पंप कमजोर झाला असेल का?

अजिंठा वाट (छत्रपती संभाजीनगर)

त्या ७ टक्क्यांविषयी मी लिहितो, कारण माझ्याकडेही याच इंजिनाची गाडी आहे, ती आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेली होती आणि तिचे हे आकडे मी गेली चार वर्षे वहीत उतरवून ठेवत आलो आहे.

पेट्रोल पंपाला दोष देण्यापूर्वी टाकीत काय आहे ते लक्षात घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे ९ भागच लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी ई-२० इंधन आकारमानाने साधारण ७ ते ८ टक्के जास्त द्यावे लागते. २००५ सालच्या ईसीयूतील तक्ते पेट्रोल गृहीत धरून केलेले आहेत, म्हणून लॅम्डा सेन्सर ही तूट ओळखतो आणि ती नेमकी गुणाकाराच्या आकड्यात दिसते. माझ्या गाडीत कोणतीही गळती नसताना हा आकडा पूर्वी २ च्या आसपास असे, आता तो ६ ते ७ च्या मध्ये स्थिर आहे. म्हणजे तुमचा ७ हा आजच्या इंधनाचा नेहमीचा आकडा समजा. खरा दोष त्या ८.२ मध्ये आहे.

थंडीत इथेनॉलची आणखी एक बाजू समोर येते. त्याची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड मॅनिफोल्डमध्ये ते आणखी कमी प्रमाणात वाफ होऊन सिलिंडरपर्यंत जाते. एखादी लहान गळती जुन्या पेट्रोलवर खपून गेली असती, ती आता पहाटे उघडी पडते. तुमचा त्रास या हिवाळ्यातच वाढला, त्यामागे हेही कारण असू शकेल. जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप या निमित्ताने एकदा हाताने दाबून, वास घेऊन तपासा. मी माझे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे टाकून घेतले आहेत आणि हा खर्च मला अजिबात वायफळ वाटत नाही.

रंकाळा (कोल्हापूर)

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि या इंजिनाची बरीच कामे केली आहेत. वरच्या दोघांनी शोध जवळजवळ संपवत आणला आहे. आता मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे: धुराच्या चाचणीत धूर कोठून सोडला होता, आणि त्या वेळी इंजिन किती गरम होते?

हे विचारण्याचे कारण सांगतो. टर्बो गाडीत हवेचा मार्ग तीन टप्प्यांत पाहावा लागतो, आणि साध्या इंजिनाच्या सवयीने काम करणारा माणूस येथेच चुकतो. पहिला टप्पा एमएएफपासून टर्बोपर्यंतचा. येथे गळती असेल तर न मोजलेली हवा सर्व वेळ आत येते. दुसरा टर्बोपासून इंटरकूलरमार्गे थ्रॉटलपर्यंतचा. येथे आयडलिंगला जवळपास बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो, म्हणून बारीक चीर असली तरी आयडलिंगला ती फारशी जाणवत नाही, पण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढला की मोजलेली हवा तेथून निघून जाते, शिट्टी वाजते, गाडी ओढत नाही आणि काळपट धूर येतो. तिसरा टप्पा थ्रॉटलनंतरचा, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्याला जोडलेले सर्व पाइप. येथे आयडलिंगला जोरदार व्हॅक्युम असतो आणि भाराखाली बूस्ट असतो, म्हणून येथील गळती दोन्ही वेळी त्रास देते.

तुमची गाडी घाटात पूर्ण जोराने ओढते आणि शिट्टी नाही. म्हणजे आयडलिंगला हवा आत येते, पण बूस्टमध्ये बाहेर जात नाही. ही दोन लक्षणे एकत्र आली की माझे लक्ष सरळ क्रँककेसच्या ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातील तेलाची वाफ बाहेर नेणाऱ्या मार्गाकडे, जाते. या इंजिनात क्रँककेसमधील वाफ मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या मार्गावर एक चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) असतो. आयडलिंगला व्हॅक्युममुळे तो उघडतो, बूस्ट आला की तो बंद होतो. आता चीर या व्हॉल्व्हच्या पलीकडे, क्रँककेसच्या बाजूच्या होजमध्ये असेल, तर आयडलिंगला तेथून हवा ओढली जाते आणि बूस्टच्या वेळी व्हॉल्व्ह मिटलेला असल्यामुळे बाहेर काहीच जात नाही. तुमच्या गाडीचे चित्र तंतोतंत असेच आहे.

धूर जर ब्रेक बूस्टरच्या पाइपातून किंवा थ्रॉटलजवळून मॅनिफोल्डमध्ये सोडला असेल, तर तो दाबाने गेला आणि त्याच दाबाने तो चेक व्हॉल्व्ह बंद केला. मग पलीकडची चीर कितीही मोठी असो, धूर तेथे पोहोचणारच नाही आणि मशीन 'गळती नाही' असेच सांगणार. मशीन खोटे बोलत नाही, प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. धूर डिपस्टिकच्या नळीतून किंवा तेल भरण्याच्या तोंडातून क्रँककेसमध्येही सोडायला हवा. दाब अगदी कमी ठेवायचा, ०.०३ बारच्या वर न्यायचा नाही, नाही तर क्रँकचे ऑइल सील उठते आणि एक काम करताना दुसरे मोठे काम मागे लागते.

दुसरे म्हणजे इंजिन थंड असताना ही चाचणी करायची. वीस वर्षे तेलाच्या वाफेत राहिलेले रबर पहाटे लाकडासारखे कडक असते आणि चीर फाकलेली असते. तेच रबर ८० अंशांना मऊ होऊन फुगते आणि चीर मिटते. गाडी रात्री गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी शटर उघडल्याबरोबर पहिले काम हेच करायला सांगा. माझ्याकडे अशा गाड्या मी आदल्या संध्याकाळीच मागवून घेतो.

होज कोठे पाहायचा ते सांगतो. मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या ब्रॅकेटच्या वरच्या अंगाला, एक वाकडा रबरी होज असतो. वरून पाहिले तर तो धडधाकट दिसतो. चीर नेहमी खालच्या अंगाला, वळणाच्या पोटात असते, म्हणून लहान आरसा आणि टॉर्च घेऊन खालून पाहावे लागते किंवा बोट फिरवून पाहावे लागते. बोटाला ओले तेल आणि मऊ, चिकट रबर लागले तर होज गेला आहे असे समजा. तेथेच ब्रेकच्या व्हॅक्युम लाइनवर एक लहान सक्शन पंप आणि त्याचे चेक व्हॉल्व्ह असतात. तेही हाताने फुंकून पाहा, एका दिशेने हवा जायला हवी आणि दुसऱ्या दिशेने अजिबात जाता कामा नये. पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना पूर्ण बंद असायला हवा, तोही असाच फुंकून तपासता येतो. डिपस्टिकच्या नळीचे वरचे प्लॅस्टिकचे नरसाळे या वयात भुग्यासारखे तुटते, त्याला फार जोर लावू नका.

मशीन हाताशी नसेल तर एक साधी परीक्षा घरी होते. गाडी आयडलिंगला असताना तेलाचे झाकण उघडा. ब्रीदर नीट असेल तर झाकण उघडताच न मोजलेली हवा शिरते आणि आयडलिंग स्पष्टपणे बिघडते. झाकण उघडूनही इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर तेथे आधीच दुसरीकडून हवा शिरते आहे किंवा मार्ग गाळाने बंद झाला आहे.

एक कळकळीची सूचना. गळती शोधण्यासाठी कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते. टर्बो गाडीत एक्झॉस्टचा भाग लाल होईपर्यंत तापतो आणि तो मॅनिफोल्डपासून फार दूर नसतो. मी एका गाडीचे बॉनेट याच कारणाने जळालेले पाहिले आहे. कृपया हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

गोदाकाठ (नाशिक)

आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गॅरेजमध्ये फोन केला. धूर ब्रेक बूस्टरच्या पाइपातून सोडला होता, आणि गाडी त्या वेळी शहरातून आठ किलोमीटर चालून नुकतीच पोहोचली होती. म्हणजे दोन्ही शंका खऱ्या ठरल्या.

झाकणाची परीक्षा सकाळी करून पाहिली. झाकण उघडले तरी आरपीएमवर काहीही परिणाम झाला नाही. शनिवारी रात्री गाडी दुसऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे ठेवली आणि रविवारी सकाळी साडेसहाला मी स्वतः तेथे हजर राहिलो. आधी मॅनिफोल्डमधून धूर सोडला, काहीही दिसले नाही. मग डिपस्टिकच्या नळीतून सोडला. अर्ध्या मिनिटात मॅनिफोल्डच्या खालून धुराची दोरी वर येऊ लागली. तो क्षण मी विसरणार नाही, कारण गेले दोन महिने ज्या चिरेसाठी मी प्लग, कॉइल आणि बॅटरी बदलत होतो, ती डोळ्यांसमोर होती. होज काढल्यावर त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढी आडवी चीर निघाली. रबर बाहेरून कोरडे आणि आतून अक्षरशः चिखलासारखे झाले होते.

ब्रीदरचे सर्व होज, चेक व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प नवे टाकले. डिपस्टिकचे नरसाळे काढताना तुटलेच, तेही बदलले. सक्शन पंप फुंकून पाहिला, तो ठीक आहे. जुनाच एमएएफ ठेवला आहे. त्यानंतर गट ०६० मध्ये थ्रॉटलचे अडॅप्टेशन (ईसीयूला झडपेची स्थिती नव्याने शिकवणे) केले, कारण थ्रॉटल बॉडी साफ केल्यानंतर ते केलेच नव्हते असे लक्षात आले.

शंभर किलोमीटरनंतरचे आकडे असे आहेत: पहिला १.१ टक्के, दुसरा ६.६ टक्के. आज पहाटे बाहेर ९ अंश होते. आरपीएम ११५० वर गेला आणि पुढच्या दोन-अडीच मिनिटांत एका संथ उतारावरून आल्यासारखा ८२० वर येऊन थांबला, मध्ये एकदाही डळमळला नाही. घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावून मी ते दाखवले.

आता एकच प्रश्न उरतो. होज आतून इतका चिखलासारखा झाला होता, तर क्रँककेसमध्येही गाळ असेल का, आणि त्यासाठी इंजिन फ्लश करून घ्यावे का?

रंकाळा (कोल्हापूर)

फार बरे वाटले. फ्लश मात्र करू नका. या इंजिनात सम्पमधील, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यातील, ऑइल पिकअपची (तेल खेचणाऱ्या नळीची) जाळी बारीक असते. फ्लशच्या औषधाने सुटलेला गाळ एकदम तेथे जाऊन बसला तर ऑइलचा दाब पडतो, आणि त्याचा पहिला फटका टर्बोच्या बेअरिंगला बसतो. त्याऐवजी सम्प खाली उतरवून घ्या, पिकअपची नळी काढून हाताने स्वच्छ करा आणि नवे सीलंट लावून बसवा. एका दिवसाचे काम आहे. तेल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचे वापरा, आणि पहिले दोन बदल पाच-पाच हजार किलोमीटरवर करा, म्हणजे उरलेला गाळ हळूहळू तेलाबरोबरच निघून जाईल.

नव्या होजचे क्लॅम्प पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळा. नवे रबर तापून-निवून बसते आणि क्लॅम्प किंचित सैल पडतो. तेही सकाळी, इंजिन थंड असतानाच करा.

पौडफाटा (पुणे)

गट ०३२ मधील आजचे दोन्ही आकडे तारीख आणि बाहेरच्या तापमानासह लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच पंपाच्या पेट्रोलवर, पुन्हा वाचा. पहिला आकडा ४ च्या पुढे सरकू लागला की दिवा लागण्याची वाट न पाहता पुन्हा थंड इंजिनावर धूर सोडून पाहा. या वयाच्या गाडीत पुढची पाळी बहुधा इंजेक्टरच्या ओ-रिंगांची असेल.